ड्रमर नसलेला बँड: 'यंग मार्बल जायंट्स'बद्दल थोडं सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही तिघं आहोत. गिटार, बेस आणि गाणारी. ड्रमर टिकत नाही. एका सरांनी 'यंग मार्बल जायंट्स' ऐका म्हणून सांगितलं. ऐकलं, पण कच्चा डेमो ऐकतोय असं वाटलं. एकच अल्बम काढून फुटलेल्या बँडचं नाव लोक अजून का घेतात? आणि त्यांच्याकडून आम्ही नेमकं काय उचलायचं?"

पंचवीसेक वर्षं रेकॉर्डिंगच्या खोलीत काढली आहेत, त्याआधी गिटार घेऊन कॉलेजांची गॅदरिंग्ज केली. तेव्हा उत्तर देतो, पण ते लांबेल.

आधी एक कबुली. मलाही पहिल्यांदा डेमोच वाटला होता. माझी तर ओळखच उलट्या बाजूनं झाली. नव्वदच्या दशकात एका मित्राच्या भावानं अमेरिकेहून 'होल' या बँडची 'लिव्ह थ्रू धिस' ही सीडी आणली. त्यात 'क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड' नावाचं एक आरडाओरड्याचं, गिटारी भाजून काढणारं गाणं होतं. आतल्या कागदावर गीतकार म्हणून होलची गायिका कोर्टनी लव्हचं नाव असेल असं धरून चाललो होतो, तर तिथं स्ट्युअर्ट मॉक्सम. हा कोण बाबा? मूळ गाणं हाती लागायला आणखी काही वर्षं गेली. एकानं कॉपी करून दिलेली सीडी लावली आणि वाटलं, कॉपी करताना काहीतरी उडालंय. ड्रम नाहीत, गिटारवर डिस्टॉर्शन नाही, बाई गातेय तीसुद्धा स्वयंपाकघरात कुणाला ऐकू जाऊ नये अशी. मी चक्क दुसरी कॉपी मागितली. त्या दुसऱ्या कॉपीतही तेच होतं.

तर हा बँड वेल्समधल्या कार्डिफचा. १९७८ मध्ये सुरू झाला. दोन भाऊ, स्ट्युअर्ट मॉक्सम गिटार आणि ऑर्गनवर, फिलिप मॉक्सम बेसवर, आणि गायला ॲलिसन स्टॅटन. त्याआधी तिघं 'ट्रू व्हील' नावाच्या बँडमध्ये होते, दुसऱ्यांची गाणी वाजवायचे. तो मोडला. स्ट्युअर्टला स्वतःची गाणी करायची होती आणि खरं तर ती स्वतःच गायची होती. फिलिपनं अट घातली की ॲलिसन असेल तरच मी. स्ट्युअर्ट नाइलाजानं तयार झाला. म्हणजे ज्या आवाजामुळे आज हा बँड ओळखला जातो, तो आवाज बँडच्या मुख्य गीतकाराला नकोच होता! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

नाव आलं प्राचीन ग्रीक शिल्पकलेवरच्या एका पुस्तकातून. सुनियनच्या भूशिराकडे येणाऱ्या खलाशांना दिसणाऱ्या तरुण पुरुषांच्या संगमरवरी मूर्तींचं त्यात वर्णन होतं. अल्बमचं 'कलॉसल यूथ' हे नावही त्याच मूर्तींवरून. एवढं भव्य नाव घेऊन माणसं वाजवायला बसली ती इतकी हळू की शेजाऱ्यानं भिंत ठोकू नये.

ड्रमर त्यांच्याकडेही नव्हता. पीटर जॉइस नावाचा त्यांचा नात्यातला भाऊ इलेक्ट्रॉनिक्समधला कारागीर. त्यानं घरी एक ड्रम मशिन जुळवून दिलं. त्याचे ठेके कॅसेटवर भरून घ्यायचे आणि कार्यक्रमात ती कॅसेट लावायची. आवाज कसला, तर टिक, टक, फुस. खराखुरा ढोल वाटावा असा त्याचा दावाच नव्हता.

मुद्दा इथंच आहे. बाकीचं सगळं या टिकटिकीतून आलं. बहुतेक लोक सांगतात की हा बँड 'मिनिमल', म्हणजे कमीत कमीवर भागवणारा होता, जणू तिघांनी बसून तसा ठराव केला होता. वाजवणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर वेगळं दिसतं. ताल धरणारा आवाज इतका किरकोळ असला की त्याच्यावर चढून वाजवायची सोयच राहत नाही. गिटारवाल्यानं पूर्ण कॉर्ड झणकारली की मशिन ऐकू येत नाही, आणि मशिन ऐकू आलं नाही की सगळे ताल सोडतात. म्हणजे प्रत्येकाला त्या टिकटिकीच्या खालीच राहावं लागतं. तबला सोलोत लेहरा धरणारा हार्मोनियमवाला कसा एका मापात राहतो, तसं. फरक इतकाच की इथं लेहरा यंत्र धरत होतं आणि माणसं आवरतं घेत होती.

स्ट्युअर्टनं त्यावर जो उपाय काढला तो तुमच्या गिटारवाल्याला आज संध्याकाळी करून बघता येईल. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवायची आणि तशीच ठेवून पिकनं वाजवायचं. तार गुंजत नाही, 'ठप' असा छोटा सूर येतो आणि विझतो. हे पाम म्यूटिंग सगळेच करतात, पण बहुतेक जण चवीपुरतं. हा माणूस गाणीच्या गाणी तसा वाजवतो. त्यामुळे गिटारच तालवाद्य होते, मशिन सोडून देते त्या जागा भरते. याचं मूळ पंकमध्ये, म्हणजे त्या काळच्या रागीट, गोंगाटी रॉकमध्ये शोधू नका, साठच्या दशकातल्या मेम्फिसच्या सोल संगीतात शोधा. त्यांच्या सुरुवातीच्या एका रचनेचं नावच 'ओड टू बुकर टी' आहे, आणि बुकर टी अँड द एमजीजचा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर म्हणजे कमीत कमी सुरांत गाणं उभं करणारा माणूस. गिटार अशी कोरडी झाली की मधली अख्खी जागा रिकामी. तिथं फिलिपचा बेस वर चढतो आणि चाल सांगतो. 'सर्चिंग फॉर मिस्टर राइट' लावा आणि फक्त बेसच्या मागे जा. ओळींच्या मधल्या जागा कोण घेतंय ते कळेल. दोघे भाऊ एकमेकांच्या पायात पाय न घालता चालतात. एकाच घरात वाढलेल्यांना ते जमतं, बाकीच्यांना वर्ष-दोन वर्षं लागतात.

आता ॲलिसन. ती सूर लावते आणि सोडून देते. कंपन नाही, हरकत नाही, शेवटच्या अक्षरावर जोर नाही. ती गायिका नाही, गाणारी एक व्यक्ती आहे, बस स्टॉपवर उभं राहून गुणगुणावं तसं ती गाते, अशा अर्थाचं स्ट्युअर्ट स्वतः एका मुलाखतीत बोलला होता. कौतुक होतं की कुरकूर, कोण जाणे. मला मात्र ते नेमकं वाटतं. त्याचे शब्द आतून कडवट आहेत: तुटलेलं प्रेम, हेवा, घुसमट. त्यानं स्वतः गायले असते तर रडगाणं झालं असतं. तिच्या तोंडी ते शब्द कुणीतरी दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवावं तसे येतात आणि म्हणून जास्त टोचतात. त्याला नको असलेल्या आवाजानंच त्याची गाणी वाचवली.

पुढचा घटनाक्रम भरभर सांगतो. १९७९ मध्ये कार्डिफमधल्या स्थानिक बँडांचं 'इज द वॉर ओव्हर?' नावाचं एक संकलन निघालं, त्यात यांची दोन गाणी होती. ती लंडनच्या 'रफ ट्रेड'पर्यंत पोचली. रफ ट्रेड हे १९७६ पासूनचं रेकॉर्डचं दुकान, १९७८ पासून लेबलही. ते चालवणाऱ्या जेफ ट्रॅव्हिसनं या तिघांना थेट अल्बमच करायला सांगितलं. मिड वेल्समधल्या फोएल स्टुडिओत, पूर्वी 'हॉकविंड'मध्ये बेस वाजवलेल्या डेव्ह अँडरसनच्या हाताखाली, पाच दिवसांत पंधरा गाणी झाली. बरीचशी पहिल्याच टेकमध्ये, वरून जवळपास काही न चढवता. फेब्रुवारी १९८० मध्ये 'कलॉसल यूथ' बाजारात आला. जूनमध्ये 'फायनल डे' हे सिंगल, ऑगस्टमध्ये बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी सेशन, नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या 'हुर्रा' क्लबमध्ये कार्यक्रम. अमेरिकेहून परतल्यावर बँड संपला. १९८१ मध्ये निघालेली 'टेस्टकार्ड' ही सहा वाद्यरचनांची छोटी रेकॉर्ड म्हणजे मागे राहिलेलं सामान. दुपारच्या आधी टीव्हीवर कार्यक्रम नसताना जे बिनचेहऱ्याचं संगीत वाजायचं, त्याच्या कौतुकासाठी केलेली. दूरदर्शनवर रंगीत पट्ट्या बघत कार्यक्रम सुरू व्हायची वाट पाहिलेल्यांना ती लगेच कळेल.

का फुटले? खलनायक वगैरे कुणी नव्हता. गाणी जवळजवळ सगळी एकाची, दाद मात्र आवाजाला, तिघंही अबोल, आणि फिलिप-ॲलिसन यांचं आपसातलं नातंही मध्ये. जे लोक संगीतात इतकं कमी बोलतात ते भांडणातही कमी बोलतात. बोलून मिटवण्यासारखं बरंच असतं, ते राहून जातं. असे बँड मी माझ्याच खोलीत तीन-चार तरी मोडताना पाहिलेत. हेडफोन काढून ठेवतात आणि "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणतात.

'फायनल डे'जवळ मात्र थांबायला हवं, कारण तंत्र आणि आशय इतके घट्ट बसलेलं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही. पावणेदोन मिनिटांच्या आतलं गाणं. विषय अणुयुद्धाचा. डिसेंबर १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं होतं, आणि मे १९८० मध्ये ब्रिटिश सरकारनं 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' ही पुस्तिका विक्रीला काढली: बॉम्ब पडला तर दारं काढून भिंतीला तिरकी टेकवा, त्याखाली बसा, डबाबंद अन्न ठेवा. पुढच्याच महिन्यात हे गाणं आलं. मरणातही श्रीमंतांची पाळी शेवटी येईल, इथून ते सुरू होतं. ॲलिसन ते हवामानाचा अंदाज सांगावा तशी गाते. आणि अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागे एक बारीक, उंच सूर धरलेला आहे. आपल्या कानाला तो आधी तंबोऱ्यासारखा वाटतो. पण तंबोरा आधार देतो, हा सूर आधार काढून घेतो. तो काही करत नाही, फक्त थांबत नाही. गाणं संपल्यावर खोलीतला पंखा ऐकू यायला लागतो, इतका तो कानात बसलेला असतो. नवीन मुलांना मी हे गाणं दोनदा ऐकवतो, दुसऱ्यांदा 'तो सूर कधी लक्षात आला ते सांगा' म्हणून. बहुतेकांना पहिल्या वेळी आलेलाच नसतो.

एक अल्बम, एक सिंगल, वरचं किरकोळ. मग नाव टिकलं कसं? रफ ट्रेडच्या वर्तुळात अल्बम बऱ्यापैकी विकलाही गेला होता, अगदीच दुर्लक्षित नव्हता. पण टिकण्याचं कारण विक्री नाही. ज्यांनी ऐकलं त्यातले बरेच जण स्वतः वाजवणारे होते. लंडनबाहेरच्या हर्टफर्डशायरमधल्या 'मरीन गर्ल्स' या मुलींच्या बँडलाही ड्रमर नव्हता. त्यांचा १९८३ चा 'लेझी वेज' हा अल्बम स्ट्युअर्टनंच प्रोड्यूस केला. त्या बँडमधली ट्रेसी थॉर्न पुढं 'एव्हरीथिंग बट द गर्ल'मध्ये गेली, आणि १९९४ मध्ये 'मॅसिव्ह अटॅक' या बँडच्या 'प्रोटेक्शन'वर तिचाच आवाज आहे. तो आवाज 'कलॉसल यूथ'नंतर लगेच ऐका. दागिना न चढवता गाण्याची ती रीत कुठून चालत आली ते उघड दिसतं.

दुसरी वाट अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातली. 'निर्वाणा' बँडचा गायक कर्ट कोबेन काही काळ वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावात राहायचा. तिथं 'के रेकॉर्ड्स' या लेबलभोवती साधं, घरगुती, न घोटलेलं वाजवणाऱ्यांचा अड्डा होता. कोबेननं वहीत आवडत्या पन्नास अल्बमची यादी लिहिली होती, त्यात 'कलॉसल यूथ' आहे आणि मरीन गर्ल्सही. 'निर्वाणा'च्या गोंगाटाशी याचा काय संबंध, असं पोरं विचारतात. त्यांना मी सांगतो, निर्वाणाची कडवी ऐका, ध्रुवपद नको. कडव्यात किती कमी वाजतंय ते मोजा. हे सगळं थेट इथूनच आलं असं मी म्हणणार नाही, पण कमी वाजवायला घाबरू नये हे त्यानं कुठं कुठं ऐकलं होतं, त्यातली ही एक जागा.

त्याच्या पत्नीच्या बँडनं, म्हणजे होलनं, एप्रिल १९९४ मध्ये ते गाणं घेतलं. 'क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड' म्हणजे सरळ चाकोरीतल्या जगात पत असणं. मॉक्समच्या गाण्यात ही पत हवीशीही आहे आणि तिची थट्टाही आहे, दबक्या आवाजात. कोर्टनी लव्ह तेच ओरडून मागते. दोन्ही पाठोपाठ ऐकणं हा गाण्याची हाडं कुठली आणि मांस कुठलं हे ओळखण्याचा सगळ्यात स्वस्त अभ्यास आहे. 'गॅलॅक्सी ५००' आणि 'बेल अँड सबॅस्टियन' या दोन्ही बँडांनी 'फायनल डे' वाजवलंय. फ्रेंच गायक एतिएन दाहोचं 'पारी, ल फ्लोर' हे १९८६ मधलं गाणं स्ट्युअर्टच्या पुढच्या 'द गिस्ट' या बँडच्या 'लव्ह ॲट फर्स्ट साइट'वरून केलेलं. २००९ मध्ये 'द एक्सएक्स' हा बँड आला तेव्हा समीक्षकांनी लगोलग हेच नाव काढलं. ती तुलना मला थोडी आळशी वाटते. हळू वाजवणारा प्रत्येक बँड यांचा नातू नसतो. एक्सएक्सच्या रिकाम्या जागांत प्रतिध्वनी भरलेला आहे, मोठ्या हॉलचा भास आहे. मार्बल जायंट्सच्या रिकाम्या जागेत खरंच काही नाही. तुम्ही खोकलात तर तो खोकला गाण्यात येईल.

'न्यू वेव्ह' म्हणायचं की 'पोस्ट-पंक', यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या. एवढंच खरं की १९८० मध्ये पंकचा राग ओसरला होता, सिंथेसायझरचा झगमगाट यायचा होता, आणि त्या फटीत हे तिघं बसले होते.

दोषही आहेत. पंधरा गाणी जरा जास्तच. मधल्या दोन-तीन तुकड्यांत चाल सापडण्याआधीच गाणं संपतं, आणि मशिनचे ठेके इतके एकसुरी की सलग ऐकताना माझंही लक्ष उडतं. मी चार-चार गाणी करून ऐकतो. ॲलिसन पुढं 'वीकेंड'मध्ये गायली. १९८२ चा त्यांचा 'ला व्हारिएते' जॅझकडे झुकलेला, जास्त मोकळा, आणि माझ्या घरात खरं सांगायचं तर तोच जास्त वाजतो. पण त्यातलं काही मला शिकवायला उपयोगी पडत नाही. तिथं सगळं व्यवस्थित भरलेलं आहे.

आता तुमच्या बँडचं. तुम्हाला डेमो वाटला, कारण कानाला भरलेल्या जागेची सवय आहे. आमच्या धंद्यानंच ती लावली. लॅपटॉपवर शंभर ट्रॅक फुकट मिळतात म्हटल्यावर माणूस शंभर वापरतो. मागं एका तिघांच्या बँडचं असंच गाणं माझ्याकडे आलं होतं, सत्तेचाळीस ट्रॅक. मी काही न बोलता एकेक म्यूट करत गेलो आणि त्यांना सांगितलं, गाणं मोडलं असं वाटेल तिथं हात वर करा. पहिला हात वर झाला तेव्हा सहा ट्रॅक उरले होते. त्यांनी शेवटी अकरा ठेवले. अर्थात, कमी वाजवलं की आपोआप चांगलं होतं असा गैरसमज नको. सहा ट्रॅकमध्ये बेसवाल्याची प्रत्येक चूक उघडी पडते, आणि त्याची चांगलीच पडली होती.

म्हणून ड्रमर शोधणं सध्या थांबवा, पण महागडं ड्रम मशिनही घेऊ नका. फोनवरच्या कुठल्याही ॲपमध्ये साधा चार मात्रांचा ठेका करा, हाय-हॅट आणि किक, बस. तो छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावा आणि स्पीकर खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवा. आवाज वाढवायचा नाही, हा एकच नियम. ज्याच्यामुळे तो ठेका ऐकू येईनासा होईल त्यानं स्वतःचा आवाज कमी करायचा, गाणारीनंसुद्धा. गिटारवाल्यानं तळहात तारांवरून उचलायचा नाही. बेसवाल्यानं बाराव्या फ्रेटच्या आसपास काय सापडतं ते शोधायचं. तालमीचं रेकॉर्डिंग फोनवरच करा, स्टुलापासून हातभर लांब ठेवून. महिनाभर असं करून त्यातलं एक गाणं मला पाठवा. मिक्स करून पाठवू नका, जसं झालंय तसंच.